अण्णाचा घास

स्टुलावर चढून मालनने भिंतीवरचं तबक उतरवलं आणि उजेडात धरलं. लाल लाखेच्या बरोबर मधोमध आरपार भोक पडलं होतं.

"शिवदास! खिळा कुणी ठोकला?"

"मीच, आई. दिवाळी आहे, शोभेला लावलं. अख्ख्या विक्रोळीत कुणाकडे आहे असलं? वर्षभर माळ्यावर नुसतं धूळ खात पडलेलं."

"मग माझ्या पाठीतही ठोक एक. मीही शोभेन भिंतीवर!"

सून प्रेमा स्टो बारीक करून दारापर्यंत आली आणि परत वळली.

बेचाळीस साली रंगून सोडताना मालनच्या आईने कपड्यांची ट्रंक टाकली, पण हे तबक उराशी धरून आणलं. बांबूच्या कामट्यांचं, परातीएवढं. शेजारच्या बर्मी बाईने दिलेलं, आणि रीतही तिचीच. मधे भात, भोवती कालवणाच्या वाट्या, सगळ्यांनी गोल बसून जेवायचं. पण पहिला घास घरातल्या थोरल्याचा. तो घरी नसला तरी त्याच्या नावाने बशीत काढायचा, मगच बाकीच्यांनी हात लावायचा.

आईबाप गेल्यापासून तो घास अण्णाचा, मालनच्या थोरल्या भावाचा. 'तुम्ही व्हा पुढे, मी पुढच्या बोटीने येतो,' असं म्हणून तो धक्क्यावरच राहिला होता. दर भाऊबीजेला तबक निघे, आणि जेवणं झाली की अण्णाची बशी मालन खाली गाईपुढे रिकामी करी. वाटेत कावळा आला, तर चप्पल भिरकावी.

आज भाऊबीजच होती. प्रेमाने भोकात कणकेची गोळी दाबली, तबक पाटावर ठेवलं, भात वाढला, बांगड्याचं कालवण ठेवलं. मालन भिंतीकडे तोंड करून बसलेली.

शिवदासने स्वतः बशीत भात काढला आणि तिच्यापुढे सरकवला.

"माझ्यापुढे कशाला?"

"पहिला घास थोरल्याचा ना? घरात आता थोरलं कोण? तूच."

"अण्णा आहे!"

प्रेमा खाली मान घालून वाट्या सारख्या करत राहिली.

मालन ताडकन उठली. बशी घेऊन गॅलरीत गेली.

"पुढच्या बोटीने म्हणे!" ती कठड्यावर वाकून ओरडली. "खोटारडा मेला!"

खाली गाय नेहमीच्या जागी उभी होती. मालनने बशी कठड्यावर आपटली. समोरच्या तारेवरून कावळा उडाला आणि बशीपाशी उतरला.

तिचा हात दाराशी काढलेल्या चपलेकडे गेला. मग तिने तो पदराला पुसला आणि आत आली.

"बघताय काय? जेवा," ती म्हणाली, आणि तबकातला पहिला घास तिने उचलला.