रद्द चकत्या

“गच्ची कुठल्या बाजूला आहे हो?” मॉडेलवाल्याने विचारलं आणि काटेमास्तरांनी मनातल्या मनात त्याला निकालात काढलं. चार वर्षं हा गृहस्थ त्याच गच्चीवरच्या आकड्यांवर जगत होता. सबंध देशाचे चौकोन पाडून कुठल्या चौकोनात कोणामुळे किती बारीक धूळ उडते, ते त्याचं संगणकावरचं मॉडेल सांगायचं. त्यावर त्याला एक पदकही मिळालं होतं. आणि गच्ची कुठे आहे, हे आज विचारत होता!

“जिन्याने वर. बूट जपा, काजळी असते.”

“नको नको, सहज विचारलं.”

मास्तरांचा त्या जिन्याशी सव्वीस वर्षांचा घरोबा. रोज सकाळी वर जायचं, यंत्रातली कालची गोल कागदी चकती चिमट्याने काढायची, नवी बसवायची. पंप चोवीस तास हवा ओढतो आणि डोळ्यांना न दिसणारी धूळ चकतीवर बसते. मग खाली येऊन ती वजनकाट्यावर ठेवायची. काटा इतका नाजूक, की समोर श्वास सोडला तरी आकडा हलतो. म्हणून मास्तर श्वास रोखून वजन करत. सगळं ऑफिस त्यांना काटेमास्तर म्हणे, आणि त्यात आदर किती नि टिंगल किती, हे त्यांनी कधी तपासलं नव्हतं.

साहेबांनी अहवाल पुढे सरकवला. आपल्या शहराच्या धुळीत पहिला नंबर शेगड्यांचा, सिमेंट कारखाना चौथा. सोमवारपासून रस्त्यावरच्या कोळशाच्या शेगड्या उचलायच्या, असं शेवटच्या पानावर होतं. त्याखाली ‘मोजमाप बरोबर आहे’ असं छापून मास्तरांच्या सहीला जागा सोडली होती.

कारखान्याच्या रस्त्यावर मास्तरांच्या ताईची चहाची टपरी होती. मेहुणे गेल्यापासून एका शेगडीवर तिने दोन मुलींना शिकवून मार्गी लावलं होतं.

“कारखान्याचा आकडा कुठून घेतलात?” मास्तरांनी विचारलं.

“त्यांनीच फॉर्म भरून दिलाय.”

“वा! म्हणजे उंदराला विचारलंत, किती दाणे खाल्ले?”

साहेब हसायचं की नाही, हे ठरवायला मॉडेलवाल्याच्या तोंडाकडे बघत राहिले. स्वतःचं मत बाळगायची सवय त्यांनी बढतीच्या आधीच सोडली होती.

“हे बघा मास्तर,” मॉडेलवाला समजुतीच्या सुरात म्हणाला, “फॉर्म खोटा असता तर आमचा हिशेब तुमच्या चकत्यांशी जुळला नसता. ब्याण्णव टक्के जुळतो.”

“जुळणारच. न जुळणाऱ्या मी बाजूला काढत आलोय.”

मास्तर उठले. कपाटाचा खालचा खण त्यांनी ओढून काढला आणि थेट साहेबांच्या टेबलावर आणून ठेवला. आत झाकणाच्या छोट्या डब्यांत चकत्या होत्या, तव्याच्या बुडासारख्या काळ्या. प्रत्येक डबीवर तारीख आणि पेन्सिलीने वाऱ्याची दिशा. बहुतेकींवर एकच शब्द होता: पूर्व. पूर्वेला सिमेंट कारखान्याच्या कोळसाभट्टीचं धुराडं आहे, हे साहेबांना खिडकीतून दिसत होतं.

“पूर्वेचा वारा सुटला की चकती दुपारपर्यंत तुंबते. पंप बंद पडतो. अठरा तास भरले नाहीत की नमुना रद्द, असा नियम. म्हणजे सगळ्यांत घाणेरडा दिवस वहीत येतच नाही. तुम्ही जुळवलंत ते उरलेल्या दिवसांशी.”

मॉडेलवाल्याने एक डबी उचलून उजेडात धरली. त्याला कळलं होतं, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. मग त्याने डबी उलटी करून मागचा शिक्का वाचला.

“हा ‘रद्द’चा शिक्का तुमचाच ना?”

“माझाच.”

“सगळ्यांवर?”

“सगळ्यांवर.”

“मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?”

बोलले होते, एकदा. ‘नियमावली पाहावी’ असं उत्तर आलं होतं. मास्तरांनी नियमावली पाहिली आणि मूग गिळून बसले. पुढे रोज नेमाने शिक्का मारला, चकत्या नेमाने जपल्या आणि स्वतःला प्रामाणिक समजत राहिले. समोरच्या दोघांची त्यांना किळस आली होतीच; आता तिच्यात तिसऱ्याची, स्वतःची, भर पडली.

“मी सही करणार नाही.”

“नका करू,” साहेब थंडपणे म्हणाले आणि त्यांनी घंटी वाजवली. टपालाचा कारकून आला. आयुष्यात त्याने काटा लांबूनसुद्धा पाहिला नव्हता. साहेबांनी त्याला तिथल्या तिथे काट्याचा प्रभारी नेमलं. सही करताना कारकुनाचं पेन चालेना म्हणून मॉडेलवाल्याने आपलं दिलं. जाताना त्याने मास्तरांकडे पाहिलं नाही.

सोमवारी शेगडी गेली. पालिकेच्या दोन माणसांनी ती निखाऱ्यांसकट गाडीत टाकली आणि ताईला पावती दिली.

मंगळवारी सकाळी मास्तर टपरीवर गेले. आसपासची एकही शेगडी पेटलेली नव्हती. पूर्वेचा वारा सुटला होता. सवयीने लवकर येऊन बसलेली ताई ओल्या पांढऱ्या फडक्याने रिकामं टेबल पुसत होती.

“काय रे, अहवालात तुझं नाव होतं म्हणे?”

“नाही ताई. सही नाही केली मी.”

“मग काय झालं?”

“काही नाही झालं.”

तिने फडकं उलटं करून पाहिलं. ते काळंकुट्ट झालं होतं.

“अगंबाई! चूल नाही, निखारा नाही, आणि हे कुठून आलं?” ती ते झटकायला उठली.

“थांब, झटकू नकोस,” मास्तर म्हणाले. त्यांनी फडकं दोन्ही हातांत घेतलं, चारही कोपरे आत दुमडले, खिशातल्या कागदी पाकिटात घातलं आणि वर पेन्सिलीने तारीख घातली. हे करताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. टपरीवर काटा नव्हता, तरीही.