नऊ दिवसांचा पाव

क्रेनच्या केबिनमध्ये सकाळी चढलेला माणूस संध्याकाळशिवाय खाली उतरत नसे. त्यामुळे दाजींचा डबा दोरीच्या बादलीतून वर जाई आणि रिकामा होऊन खाली येई. बादलीत डबा ठेवायचं काम मेहुण्याचं. तो क्रेनचा सिग्नलवाला. वॉकीटॉकीवरून आणि हातांच्या खुणांनी तो दाजींना ओझं कुठे न्यायचं ते सांगत असे.

गेले नऊ दिवस मात्र डबा रिकामा येत नव्हता. पाव, भात, बटाटे, सगळं जसंच्या तसं. "तूच खा," दाजी म्हणाले होते, "शुक्रवारी रक्ततपासणी आहे. साखर वाढलेली निघाली तर क्रेन गेली." मेहुण्याने आढेवेढे घेतले नाहीत. आयतं समोर आलं की या गड्याच्या पोटात कावळे ओरडायलाच लागत. "दाजी, तुमचा उपास मला फार मानवतोय," असा विनोदही त्याने करून घेतला होता.

आज बुधवार, आणि सकाळपासून त्याच्या जिवाला चैन नव्हतं. 'सावकाश' म्हटलं तरी क्रेनचा हूक हातभर पुढे जात होता. 'थांबा' म्हटल्यावर दाजी दोन श्वास उशिरा थांबत होते.

"झोप झाली नाही का?"

"झाली. तू काम सांग."

बारा वर्षांत दाजी त्याच्याशी इतके तिरसट बोलले नव्हते. तो इकडून तिकडे फेऱ्या मारू लागला. मग त्याने विचारलं, "सकाळची गोळी घेतली?"

"घेतली की. एकही चुकवलेली नाही."

दाजी हे मोठ्या अभिमानाने बोलले, आणि मेहुणा जागच्या जागी थांबला. साइटवरच्या नर्सने सांगितलं तेव्हा तो दाजींच्या शेजारीच बसला होता. गोड बंद करा, पाव अर्धा करा, भात मूठभर, सोबत कडधान्य आणि भाजी. पण धान्य अजिबात सोडू नका. ही गोळी साखर खाली आणते. पोटात काही नसलं तर ती नको तेवढी खाली जाते, हात थरथरतात, माणसाला भोवळ येते. दाजींनी आपलं शहाणपण लावलं होतं: अर्ध्याने फायदा, तर सगळं सोडल्याने दुप्पट. ते बिचारे तपासणीला घाबरले होते. पण आपण? नऊ दिवस त्यांचा पाव चापताना आपल्याला नर्स एकदाही आठवू नये?

सळ्यांचा गठ्ठा हवेत होता आणि खाली तिघे काम करत होते. त्याने तिघांना हाकलून बाजूला केलं, बोटाबोटाने सांगत गठ्ठा जमिनीवर टेकवला आणि कँटीनमधून साखर आणि पाव घेऊन शिडीकडे धाव घेतली.

केबिनमध्ये दाजी घामाने भिजले होते. साखरेचं पाणी पिताना ग्लास दातांवर वाजत होता. पंधरा मिनिटांनी हात जरा स्थिर झाले, तसा त्याने पुढे केलेला पाव त्यांनी मुकाट खाल्ला.

"आता बरं वाटतंय," दाजी म्हणाले. "खाली जा. शुक्रवारपर्यंत तोंड उघडू नकोस. तुझ्या बहिणीचा विचार कर."

त्याला 'हो' म्हणायचा फार मोह झाला. बोललं तर दाजींची क्रेन जाणार, ताई घरात पाऊल ठेवू देणार नाही, आणि आपली अब्रू जाईल ती वेगळीच. दाजींच्या कॉलरला पावाचा चुरा लागला होता. तो झटकताना त्याला एकदम रडू आलं.

त्याने वॉकीटॉकी तोंडाजवळ धरला आणि साइटच्या साहेबांना हाक दिली.

"साहेब, क्रेन बंद ठेवा आणि नर्सला वर पाठवा. चालक आजारी आहे. गोळ्या घेऊन नऊ दिवस नीट जेवलेला नाही." बटण त्याने सोडलं नाही. "मला माहीत होतं. त्याचं जेवण मीच खात होतो."

दाजींनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांनी क्रेनची चावी काढली आणि त्याच्या हातात ठेवली.