निम्मी ऐकलेली सीडी

मी एक जुनी सीडी आहे. साधीसुधी नव्हे, एका डेथ मेटल बँडच्या निवडक गाण्यांची सीडी. माझ्या वेष्टनावर बँडचे नाव छापलेले आहे, पण ती अक्षरे काटेरी झुडपासारखी एकमेकांत इतकी गुंतली आहेत की आजवर ते नाव कोणालाच वाचता आलेले नाही. म्हणून मित्रांनो, तेवढे मला विचारू नका.

ज्यांनी हे संगीत कधी ऐकले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. ढोल असे वाजतात की पत्र्याच्या छपरावर कोणी खडी ओतत आहे. गिटारी करवतीसारख्या कापत जातात. आणि गायक गात नाही, तो पोटातून गुरगुरतो. शब्द कळत नाहीत. पहिल्यांदा ऐकणारा माणूस बहुधा एकच प्रश्न विचारतो, "याला कुठे दुखतंय का?"

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पारदर्शक प्लास्टिकचा गरम रस साच्यात दाबला, त्यावर चांदीसारखा पातळ थर चढवला आणि वर काळी शाई. माझी पहिली गाणी मधल्या भोकाजवळ आहेत आणि शेवटची काठाकडे. आम्ही सीड्या आतून बाहेर वाचल्या जातो. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या आयुष्याचे रडगाणे याच गोष्टीशी बांधलेले आहे.

माझ्यात दोन गायक आहेत. पहिल्या निम्म्या गाण्यांत आहे भोंगा. हे त्याचे टोपणनाव. त्याने एकदा गच्चीवर सराव केला तेव्हा शेजारच्या कारखान्यातले लोक पाळी संपली असे समजून घरी निघाले, तेव्हापासून ते चिकटले. पुढच्या निम्म्या गाण्यांत आहे एक बाई. ती जनावरांची डॉक्टर. बँडमधले सगळे तिला डॉक्टरीणच म्हणत. दिवसभर गाईम्हशींना औषध पाजायचे आणि संध्याकाळी माइकसमोर उभे राहून वाघालाही घाम फोडायचा, असा तिचा दिनक्रम.

भोंग्याने बँड सोडला नव्हता. त्याचे वडील अंथरुणाला खिळले, त्यांची बेकरी बंद पडायची वेळ आली, तेव्हा त्याने सोबत्यांना सांगितले, "दोन महिने थांबा, भट्टीचं बघतो आणि आलोच." सोबती थांबले नाहीत. महिना उलटायच्या आत डॉक्टरीण त्याच्या जागी उभी होती. भोंगा मग बेकरीतच राहिला. तोंडाने तो कोणाला वाईट बोलला नाही, पण बँडचे नाव निघाले की कणकेवर त्याची मूठ जरा जोरात पडे.

खूप वर्षांनी सीड्या काढणाऱ्या कंपनीने दोघांची निवडक गाणी एकत्र करून मला काढले. एका समीक्षकाने वर्तमानपत्रात लिहिले, "ज्यांना हा बँड माहीत आहे त्यांना ही सीडी नको. ज्यांना माहीत नाही त्यांनी इथून सुरुवात करू नये." घ्या! म्हणजे मला कोणीच ऐकू नये. मला वाईट वाटले नाही असे म्हणणार नाही. पण मी खचले नाही. माझ्यात काय आहे ते मला ठाऊक होते. त्या समीक्षकाने एक गाणे मात्र वाखाणले होते. त्याचे नाव 'रक्तदंत'. ते माझ्यात दोनदा आहे, एकदा भोंग्याच्या आवाजात आणि शेवटी, अगदी काठाला, डॉक्टरणीच्या आवाजात. "पाताळातल्या पिशाच्चाचे इतके जिवंत वर्णन दुसरीकडे नाही," असे तो म्हणाला. शब्द त्यालाही कळले नव्हते हे उघड आहे. ते कोणी कधी लिहूनच ठेवले नव्हते.

कंपनीने माझी एक प्रत भोंग्याला पाठवली. ती प्रत म्हणजे मी.

बेकरीत माझे स्वागत झकास झाले. पिठाच्या पोत्यांवरच्या फळीवर एक जुना प्लेअर होता, त्यात मी रोज फिरू लागले. पाव भाजायला गेले की भोंगा मला लावी आणि स्वतःबरोबर स्वतःच गुरगुरे. कणीक मळायच्या यंत्राचा आवाज, माझा आवाज आणि त्याचा आवाज! त्याची बायको आत डोकावून म्हणे, "झालं सुरू दळण!" गिऱ्हाइकांनाही सवय झाली होती. एक आजीबाई तर म्हणायच्या, "हे वाजायला लागलं की समजायचं, पाव गरम आहेत."

पण मित्रांनो, निम्म्यावर आले की भोंग्याचा हात बटणावर जाई. रोज. न चुकता. डॉक्टरणीचे पहिले गाणे सुरू होण्याआधीच खटकन मी बंद. पुढची गाणी तशीच न वाजता पडून राहिली. उलट मला काढता घालताना त्याची लोणी लागलेली बोटे नेमकी काठावर पडत, म्हणजे तिच्याच गाण्यांवर. कौतुक एका बाजूला आणि डाग दुसऱ्या बाजूला, असे माझे चालले होते.

भोंग्याला एक लेक आहे. पाव पोचवायची गाडी तीच चालवते. ती एकदा म्हणाली, "बाबा, पुढचं पण ऐकूया की."

"पुढचं माझं नाही."

"तुमचं नाही म्हणून वाईट आहे का?"

"मी कुठे वाईट म्हटलं? माझ्या बेकरीत नको, एवढंच म्हटलं."

त्याच सुमारास बँडचा ढोलवाला बेकरीत आला. केस पांढरे, पण मनगटे अजून तशीच. बँड शेवटचा कार्यक्रम करणार होता. "एक गाणं तू म्हण. 'रक्तदंत' तुझंच आहे," तो म्हणाला. "डॉक्टरीण स्वतः म्हणतेय, बोलवा म्हणून."

"तिला सांग, भोंगा वारला," भोंगा म्हणाला आणि त्याने ढोलवाल्याच्या हातात गरम पाव ठेवून त्याला वाटेला लावले. ढोलवाला दारात थांबून म्हणाला, "वारलेला माणूस पाव झकास करतो पण." भोंगा हसला नाही.

पुढे काही दिवसांनी भोंग्याचा आवाज बसला. आधी सगळ्यांनी थट्टा केली, मग काळजी केली. घशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की वर्षानुवर्षे ओरडून स्वरयंत्रावर गाठी आल्या आहेत. "महिनाभर मौन. कुजबुजसुद्धा नाही. बोलणं परत येईल, पण ती गुरगुर आता कायमची बंद."

घरी आल्यावर भोंग्याने मला प्लेअरमधून काढले, वेष्टनात घातले आणि फळीच्या टोकाला मागे सारले. माझ्यावर पिठाची धूळ बसू लागली. बेकरी इतकी गप्प मी कधी पाहिली नव्हती. आजीबाई विचारत, "आज पाव गरम नाहीत का?" आणि भोंगा नुसती मान हलवे. आता तो त्या कार्यक्रमाला जाऊ म्हणाला असता तरी काय घेऊन जाणार होता?

एका दुपारी तो कोपरापर्यंत कणकेत हात घालून उभा होता. यंत्र बिघडले होते, म्हणून सगळी कणीक हातानेच मळायची होती. लेकीने मला शोधून काढले आणि लावले. भोंग्याने मान वर केली, पण अडवले नाही. स्वतःची गाणी त्याने डोळे मिटून ऐकली. मग निम्मे आले. त्याचा हात उठला, तर त्याला कणकेची लांबच लांब शेपटी. त्याने नाकाने प्लेअरकडे खूण केली.

"काय? आवाज वाढवू?" लेक म्हणाली आणि तिने खरेच वाढवला.

त्याने पाय आपटला. जोरजोरात मान हलवली.

"अजून? बरं!"

ओरडायला आवाज नाही, थांबवायला हात नाहीत. असा पेचात सापडलेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. शेवटी त्याने खांदे पाडले आणि तो रागाने कणीक तिंबू लागला. आणि मित्रांनो, मी वाजले! इतकी वर्षे कोंडून ठेवलेले सगळे काही मी त्या दुपारी मोकळे केले. डॉक्टरणीचा आवाज भोंग्यापेक्षा खोल नाही, पण ती श्वास राखून ठेवते आणि नेमक्या जागी सोडते. तिसऱ्या गाण्याला भोंग्याचे हात तिच्या तालावर पडू लागले होते. ते त्याच्या लक्षात आले नसावे. माझ्या आले.

शेवटचे 'रक्तदंत' सुरू झाले आणि मी अडखळले. लोण्याचे डाग! त्याच त्या ओळीवर मी उचकी लागल्यासारखी अडकून बसले. लेकीने मला काढले, मऊ कापडाने मधून काठाकडे सरळ सरळ पुसले आणि पुन्हा लावले. गाणे पुढे सरकले. ढोल, गिटारी, गुरगुर, सगळे शिगेला पोचले आणि एकदम थांबले. एक लांब शांतता. मग अगदी हळू एकच गिटार.

भोंग्याच्या मूळ गाण्यात तिथे शांतता नाही. तिथे तो सगळ्यात जोरात ओरडला आहे.

त्याचे हात कणकेत तसेच राहिले. लेक घाबरली. "बाबा? बंद करू का?" त्याने मान हलवली, नाही. आणि हनुवटीने खूण केली, परत लाव.

मौन संपले तेव्हा त्याचा आवाज आला, पण पातळ, कागदासारखा. त्याने लेकीला सांगितले, "त्या डॉक्टरणीला फोन लाव. म्हणावं, बेकरीत या."

ती आली ती गोठ्यातूनच, पायात चिखलाचे बूट. दारातच थबकली. भोंग्याने पीठ झटकून स्टूल पुढे केले.

"बसा. तुम्ही 'रक्तदंत'मध्ये ती जागा गप्प का ठेवलीत?"

ती अवघडली. "दादा, राग मानू नका. तिथले शब्द मला कधी कळलेच नाहीत. कुणालाच माहीत नव्हते. बाकीचं सगळं मी अंदाजानेच ओरडत आलेय. पण तिथे वाटलं, काहीतरी संपलंय. म्हणून गप्प बसले."

 भोंगा लेकीकडे बोट करून म्हणाला, "ते गाणं पिशाच्चाचं नाही. हिचं आहे. हिला पहिला दात येत होता. हिरडी फुटून रक्त यायचं, आणि ही घर डोक्यावर घ्यायची. मी हिला खांद्यावर घेऊन फिरायचो आणि मनात गाणं रचायचो. त्या जागेचे शब्द आहेत, 'झोपली गं, झोपली एकदाची.'"

लेकीचे तोंड उघडे ते उघडेच. "रक्तदंत म्हणजे माझा दात?"

"मला माहीत होतं," आतून तिची आई म्हणाली. "कुणी विचारलं नाही कधी."

डॉक्टरीण आधी हसली, मग तिचे डोळे भरले. भोंगा म्हणाला, "मूर्ख मी! पोर झोपली हे सांगताना कुणी एवढं ओरडतं का? तू न कळता बरोबर केलंस, मी कळून चुकवलं." त्याचे 'तुम्ही' कधी गळून पडले, ते दोघांच्याही ध्यानात आले नाही.

निघताना तिची नजर माझ्यावर गेली. "काय हो दादा, ऐकण्यासारखी आहे का ही सीडी? लोक तर नावं ठेवतात."

"पहिली निम्मी ऐकण्यासारखी आहे," भोंगा म्हणाला. "पुढची निम्मी परत परत ऐकण्यासारखी."

मग ती म्हणाली, "कार्यक्रमात त्या शांततेत तुम्ही ती ओळ नुसती बोला. ओरडायचं नाही." घशाच्या डॉक्टरांनी बोलायला परवानगी दिली. मी तिथे नव्हते, पण लेकीने परत येऊन आईला सांगितले ते मी ऐकले. सगळे सभागृह दणाणत होते. मग डॉक्टरीण थांबली, ढोल थांबला आणि भोंगा माइकपाशी वाकून, घरात बायकोला सांगावे तसे, म्हणाला, "झोपली गं, झोपली एकदाची." काळे कपडे घातलेले, दाढी वाढवलेले दणकट गडी श्वास धरून उभे राहिले, जणू खरेच कोणी उठेल.

आता मी लेकीच्या गाडीत असते. खड्डा आला की थोडी अडखळते, पण तो दोष रस्त्याचा, माझा नव्हे. पाव घेणारी पोरे खिडकीतून कान देतात आणि काही जण कानांवर हात ठेवतात. दोघेही मला चालतात.

मित्रांनो, एवढेच मागते. आम्हा सीड्यांना कडेने धरा, आणि पुसायचे झाले तर गोल गोल न पुसता मधून काठाकडे पुसा. आणि कोणाचाही आवाज असो, तो शेवटपर्यंत जाऊ द्या. एवढे ऐकूनही नाहीच आवडला, तर खुशाल बंद करा. मी रागावणार नाही.