ब्रेकवालं म्हणा

मास्तरांनी तीस वर्षं लोकांना गाडी शिकवली. शेजारच्या सीटवर बसून, पायाखालच्या जादा ब्रेकवर पाय ठेवून त्यांनी डॉक्टर, शिक्षिका, कॉलेजची पोरं, सगळ्यांना सारखंच फैलावर घेतलं. मग एका सकाळी आंघोळीला जाता जाता अर्धांगाचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. सवयीचं एकच वाक्य तेवढं जिभेवर राहिलं : "अरे ब्रेक, ब्रेक दाब ना!" भूक लागली तरी तेच, पाठ खाजली तरी तेच, रडू आलं तरी तेच.

बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा यायच्या. त्या म्हणाल्या, "रोज अर्धा तास यांना बोलतं करा. आणि रेकॉर्ड करून ठेवा, म्हणजे मला कळेल किती सुधारणा आहे ते."

"मी करतो," मास्तरांचा धाकटा मुलगा म्हणाला, आणि त्याच्या आईला भरून आलं.

धाकटा मोबाईलच्या दुकानात नोकरीला होता. उरलेला सगळा वेळ मागच्या खोलीत लॅपटॉपवर गाणी बनवायचा. खिडकीला जुनी गादी टेकवलेली, दाराच्या फटीत टॉवेल कोंबलेला, टेबलावर मायक्रोफोन. आजवर नऊ गाणी त्याने नेटवर टाकली होती. त्यातलं सगळ्यात चाललेलं एकशे चार वेळा ऐकलं गेलं होतं, आणि त्यातल्याही निम्म्या वेळा त्याने स्वतःच. मास्तर धडधाकट होते तेव्हा दारावर थाप मारून विचारायचे, "हा खडखडाट किती वेळ चालणार?" बापलेकाचं बोलणं म्हणजे तेवढंच.

आता तोच मुलगा रोज संध्याकाळी त्यांना हाताला धरून आत न्यायचा, खुर्चीत बसवायचा, मायक्रोफोन तोंडापाशी आणायचा. मास्तरांना वाटायचं, आजार आला पण पोरगा मिळाला. ते जीव तोडून बोलायचे. तिसऱ्या आठवड्यात "पाणी" आलं. मग "पाय" आला. मग एके दिवशी, घाम फुटेस्तोवर धडपडल्यावर, त्याचं लहानपणीचं लाडाचं नाव आलं.

"ब... बाळ्या."

धाकट्याने स्क्रीनवरची नजर हलवली नाही. "ते राहू द्या बाबा. ब्रेकवालं म्हणा."

हाही उपचारच असेल, असं मास्तरांना वाटलं. ते म्हणाले.

"असं नाही. चिडून."

चिडायला काही कारण नव्हतं. तेव्हा धाकट्याने पाण्याचा पेला त्यांच्या डाव्या हाताशी आणला आणि मागे घेतला. पुन्हा आणला, पुन्हा घेतला. चौथ्या खेपेला मास्तर ओरडले, आणि ओरडता ओरडता हुंदका फुटला.

"एक नंबर!" असं म्हणून धाकट्याने पेला दिला.

महिन्याभराने मास्तर काठी टेकत कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेले. न्हावी त्यांच्याकडेच गाडी शिकलेला. गालाला साबण लावता लावता तो म्हणाला, "मास्तर, आता तुम्ही आम्हाला कशाला विचारणार बुवा! तुमचं गाणं चार लाख लोकांनी ऐकलंय." त्याने फोन आरशाला टेकवून ठेवला.

ड्रमचा ठेका सुरू झाला. त्यावर मास्तरांचा आवाज, तुकडे तुकडे केलेला, "ब्रेक, ब्रेक, अरे, अरे, अरे." मग ठेका एकदम थांबला आणि तो हुंदका आला, एकटाच. बाकावर नंबर लावून बसलेले दोघे नेमके तिथेच हसले. त्यांना ती जागा पाठ होती.

मास्तर अर्ध्या गालाचा साबण तसाच घेऊन उठले. रस्त्यात मोटारसायकलवरचे दोघे त्यांच्याकडे बघून "ब्रेक दाब ना!" असं ओरडत गेले.

घरी आल्या आल्या त्यांनी मागच्या खोलीचं दार ढकललं. 'का' एवढंच विचारायचं होतं. तोंड उघडलं तर पुन्हा तेच वाक्य बाहेर पडलं, पण आवाज असा की स्वयंपाकघरातून बायको धावत आली. धाकट्याने पटकन हात वर केला.

"एक मिनिट, एक मिनिट बाबा! चालू करतो. आता परत, अगदी तसंच."

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं. ती पदराने त्यांच्या गालावरचा साबण पुसू लागली. "अहो, एवढं काय मनाला लावून घेता? लोक ओळखायला लागलेत तुम्हाला. आधी नुसते पडून होतात, कोण विचारत होतं?"

त्या दिवसापासून मास्तरांनी तोंड बंद केलं. सगळ्यांसमोरच, बाईंसमोरही.

बाईंनी त्यांना समजावून सांगितलं. "आत्ताच जिभेला वळण लागतंय. थांबलात तर आलेले शब्दही जातील, आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही." मास्तरांना सगळं कळत होतं. त्यांनी मान हलवली आणि ओठ घट्ट मिटले. दीड महिन्यानंतर बाईंनी यायचं थांबवलं.

एका दुपारी घरात कोणी नसताना त्यांनी गुपचूप मुलाचं ते नाव घ्यायचा प्रयत्न केला. नुसती हवा निघाली.

बायको आता काळजीत पडली. जेवायला वाढताना ती धाकट्याला म्हणाली, "अरे, यांचं बोलणं पार गेलं बघ. तुझ्या गाण्यांचं कसं होणार रे?"

मास्तर तिथेच बसले होते. डाव्या हाताने घास घेत होते.

"त्याची काळजी नको," धाकटा म्हणाला. "दोन वर्षं पुरेल एवढं भरून ठेवलंय."

"मग ठीक आहे," ती म्हणाली, आणि तिने मास्तरांच्या पानात आणखी थोडा भात वाढला.