पिक्चरमधला म्हातारा

चांगदेव पिक्चर बघायचा कमी आणि सांगायचा जास्त, असं मिलमध्ये सगळे म्हणायचे. ते खरंही होतं. नवा पिक्चर लागला की कताई खात्यातले लोक वर्गणी काढून पहिल्या दिवशी त्याला एकट्याला पाठवायचे, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रुईच्या गठ्ठ्यांवर बसून तो अख्खा पिक्चर सांगायचा. गाणी, मारामारी, हीरोइनच्या साडीचा रंग, काही म्हणजे काही सोडायचा नाही. पुढे ज्यांना खरंच बघायला मिळायचा ते येऊन म्हणायचे, "यार चांगदेव, तू सांगितलास त्यात जास्त मजा होती."

आणि अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसायचा तो लक्ष्मीकांत. मिलचा फिटर. त्याला गाण्याबिण्याशी काही घेणं नव्हतं. पूल पडला म्हटलं की हा विचारणार, "किती फुटी होता? खांब लोखंडी का दगडी?" लोक वैतागायचे, पण चांगदेवला तो आवडायचा, कारण इतकं कान देऊन दुसरं कुणी ऐकत नसे.

मग मिल बंद झाली. भोंगा थांबला, गेटला कुलूप लागलं, आणि इंदूरच्या अर्ध्या मराठी घरांतले पुरुष भर दुपारी घरी दिसायला लागले. चांगदेव सांवेर रोडवर एका प्लास्टिकच्या गोदामात चौकीदार झाला. लक्ष्मीकांत कुठेच काही झाला नाही. वर्षाच्या आत त्याला लकव्याचा झटका आला, उजवी बाजू गेली. वाचा हळूहळू परत आली, पाय काठीपुरता परत आला. हात मात्र पडून राहिला. डॉक्टरने रबराचा बॉल दिला होता, दिवसातून चार वेळा दाबायला. लक्ष्मीकांतने तो कोपऱ्यात भिरकावला. "कशाला दाबू? कोण वाट बघतंय माझी? कोणती मशीन अडलीय?" त्याची बायको सरलावहिनी रडायची, मुलगी यामिनी ओरडायची, हा भिंतीकडे तोंड करून पडायचा.

यामिनी एका कंप्यूटर क्लासमध्ये रिसेप्शनवर होती. राजेंद्र नगरातल्या त्या दोन भाड्याच्या खोल्या तिच्याच पगारावर चालत. त्या साली एक अंग्रेजी पिक्चर हिंदीत डब होऊन आला. अंतराळातला, म्हणे असं कधी कुणी बघितलंच नाही. शहरभर एकच चर्चा. तिकीट मिळायची मारामार, आणि यामिनीच्या सरांनी तिला रविवारचा बाल्कनीचा एक पास दिला. तिने तो बापाला दिला.

"मी कुठे चढणार जिने?" लक्ष्मीकांत म्हणाला. "चांगदेवला दे. तो बघेल आणि मला सांगेल."

सहा महिन्यांत त्याने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं.

तर असा तो पास. आणि चांगदेवने काय करावं? झोपला!

आता यात त्याची चूक किती ते तुम्हीच ठरवा. शनिवारी दुसरा चौकीदार आलाच नाही, म्हणून याने लागोपाठ दोन पाळ्या केल्या आणि तसाच टॉकीजला गेला. अंधार झाला. काळ्या आकाशात दोन ग्रह फिरले, डोक्यावरून एक जहाज जायला लागलं, जातंय जातंय संपतच नाही, कूलरची गार हवा तोंडावर आली, खुर्ची मऊ. एवढंच त्याने बघितलं. इंटरव्हलला एक डोळा उघडला, "समोसे गरम" असं काहीतरी ऐकू आलं, डोळा परत मिटला. थेट शेवटी टाळ्या पडल्या तेव्हा हा खाडकन जागा. लोक उभं राहून टाळ्या वाजवत होते आणि पडद्यावर नावं पळत होती.

आता त्या माणसाला जाऊन काय सांगू?

बाहेर पोह्याच्या ठेल्यावर ही गर्दी. चांगदेवने एक प्लेट घेतली आणि कान लावून उभा राहिला. लाज वाटत होती, पण करतो काय?

"भिया, वो जहाज! पूरा राजवाडा समा जाए उसमें, दो बार!"

"और वो शनि का छल्ला टूटता है, काच सरीका? मैं तो कुर्सी पकड़ के बैठ गया."

एक चश्मेवाला पोरगा म्हणाला, "स्टोरी में कुछ दम नी है. देखने का माल है." त्याच्यावर तिघं तुटून पडले. एक बाई नवऱ्याला सांगत होत्या, "मला तर बाई रडूच आलं, ती पृथ्वी लहान लहान होत जाते तेव्हा." नवरा म्हणाला, "मुझे तो वो सन्नाटा. इंजन बंद पड़ता है ना? पूरी टॉकीज में किसी ने साँस नी ली."

चांगदेवने न राहवून विचारलंच, "फिर चालू किसने किया?"

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. चश्मेवाला हसला. "अंकल, आप अंदर नी थे क्या?"

चांगदेवने अर्धी प्लेट तिथेच ठेवली आणि चालू पडला.

राजेंद्र नगरला पोहोचला तेव्हा लक्ष्मीकांत उशांना टेकून बसला होता. दाढी केलेली. सरलावहिनींनी चहा आधीच ठेवलेला. खरं सांगायची हीच वेळ होती. पण लक्ष्मीकांत म्हणाला, "चल, सुरू कर. आधी जहाज. किती फुटी?"

आणि चांगदेवने सुरू केलं! ठेल्यावरचे तुकडे जोडत गेला, जोड दिसू दिला नाही. जहाजाच्या पोटात त्याने मिलच उभी केली. तीनशे माणसं, पट्टे, चाकं, तेलाचा वास, भोंगा. लक्ष्मीकांत विचारत होता, हा सांगत होता. शनीचं कडं फुटलं. इंजन बंद पडलं. लक्ष्मीकांतने आणि सरलावहिनींनी श्वास धरला.

"मग?" लक्ष्मीकांत म्हणाला. "चालू कुणी केलं?"

चांगदेवला ठाऊक असतं तर ना! त्याची नजर चादरीवर पडलेल्या त्या उजव्या हातावर गेली, आणि तोंडातून निघून गेलं, "एक म्हातारा फिटर होता."

"फिटर?"

"हां. त्याला सगळ्यांनी कोपऱ्यात टाकलेलं. उजवा हात लुळा ना त्याचा. पोरं बटणं दाबून दाबून थकली, काहीच होईना. तर हा म्हणतो, मला तिथवर न्या. इंजनला कान लावला आणि म्हणाला, दांडा अडकलाय. आणि त्याच हाताने दांडा ओढला."

"लुळ्या हाताने?"

"लुळ्याच."

"कसा पण? मतलब, उचलला कसा?"

"आधी बोटं," चांगदेव म्हणाला. "मग मनगट. मग कोपर. वेळ लागला. सगळं जहाज थांबलं होतं त्याच्यासाठी."

लक्ष्मीकांत आपल्या हाताकडे बघत बसला. चांगदेव घरी आला. बायकोने, प्रभावतीने, विचारलं, कसा होता पिक्चर? त्याने तिला मात्र सगळं सांगितलं, झोपल्यापासून म्हाताऱ्यापर्यंत. ती हसली आधी. मग हसायची थांबली.

तीन दिवसांनी तो पुन्हा तिकडे गेला तर लक्ष्मीकांतच्या हातात बॉल. बोटं नुसती थरथरत होती, पण थरथरत होती! यामिनीने चांगदेवला दारातच गाठलं. "काका, काय जादू केलीत हो? स्वतःहून मागितला बॉल. डॉक्टर म्हणाले, असाच करत राहिले तर हात वळेल." आणि ती वाकून त्याच्या पाया पडली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला. तो तिला सुखी राहा म्हणू शकला नाही, नुसता "अगं, अगं" करत राहिला.

आठवड्यात मनगट हललं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला लक्ष्मीकांत पिक्चर सांगायला लागला, म्हाताऱ्यासकट. ज्यांनी पिक्चर बघितला होता ते एकमेकांकडे बघायचे आणि आजारी माणूस म्हणून गप्प राहायचे. आणि पुढच्या शुक्रवारी यामिनीने आनंदाने सांगितलं, रविवारची तीन तिकिटं मिळाली, खालची, जिने नाहीत. बाबा म्हणतात, तो म्हातारा एकदा डोळ्यांनी बघायचाय. मी, बाबा आणि तुम्ही.

शनिवारी दुपारच्या खेळाला चांगदेव एकटाच जाऊन बसला, तीन चहा पिऊन, मांडीला चिमटे काढत. मनात वेडी आशा होती. काय सांगावं, असेलही एखादा म्हातारा. नाहीतर कुणीतरी हात लावणारा.

आणि पिक्चर काय होता महाराजा! त्या ठेल्यावरच्या लोकांनी काहीच सांगितलं नव्हतं. कडं फुटलं तेव्हा त्याचे तुकडे साऱ्या टॉकीजभर सांडल्यासारखे वाटले, चांगदेवने खरंच मान खाली घातली. पृथ्वी मोहरीएवढी झाली तेव्हा त्याच्याही डोळ्यांत पाणी आलं. मग इंजन बंद पडलं. तो पुढे सरकला. इंजन कसलं, पांढरी स्वच्छ खोली होती ती, दवाखान्यासारखी. आत कोणी नव्हतं. एक हिरवा दिवा लुकलुकला, एका बाईच्या आवाजात मशीनने उलटे आकडे मोजले आणि आपलं आपण चालू झालं. त्या एवढ्या जहाजात कपड्याला तेलाचा डाग पडलेला एक माणूस नव्हता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. चांगदेव बसून राहिला.

"आत्ता जा आणि सांगून टाका," प्रभावती म्हणाली. "त्या माणसाने तुमच्या भरवशावर हात उचललाय. उद्या भर टॉकीजमध्ये कळलं तर तो बॉल पुन्हा कोपऱ्यात जाईल, आणि या वेळी उचलायला कुणी नाही येणार."

तो गेला. खरंच गेला. पण लक्ष्मीकांतचा शर्ट इस्त्री करून खुंटीला टांगलेला होता, आणि तो म्हणाला, "बघ," आणि उजवा हात चादरीवरून वीतभर वर उचलून दाखवला. हात कापत होता, कपाळावरच्या शिरा तटतटल्या होत्या. "तुझ्या म्हाताऱ्याला वेळ लागला म्हणालास ना? मलाही लागेल." चांगदेव भित्रा निघाला. तोंड उघडलं, चहा प्यायला आणि परत आला. रात्रभर गोदामासमोर फेऱ्या घालत स्वतःला शिव्या देत राहिला.

रविवारी दोघांनी लक्ष्मीकांतला धरून धरून आत नेलं. कडेच्या खुर्चीवर यामिनी, मध्ये लक्ष्मीकांत, त्याच्या उजवीकडे चांगदेव. जहाज आलं तेव्हा लक्ष्मीकांतने "आई गं" केलं. थोड्या वेळाने विचारलं, "तीनशे माणसं कुठेत रे?"

"पुढे," चांगदेव म्हणाला.

कडं फुटलं. टॉकीज ओरडली. लक्ष्मीकांत पुढे वाकला. "आता येईल ना?"

इंजन बंद पडलं, आणि हजार माणसांच्या त्या टॉकीजमध्ये टाचणी पडली तर ऐकू आली असती. पांढरी खोली. हिरवा दिवा. बाईचा आवाज आकडे मोजायला लागला.

"चांगदेव," लक्ष्मीकांत कुजबुजला. "म्हातारा?"

"नाहीये."

"कापला काय?"

किती सोपं होतं हो म्हणणं! सेन्सॉरने कापला, टॉकीजवाल्याने कापला, काहीही चाललं असतं. लक्ष्मीकांतने स्वतःच तर दार उघडून दिलं होतं. पण चांगदेवला आता खोटं सोसवेना.

"नव्हताच कधी," तो म्हणाला. "मी झोपलो होतो लक्ष्मीकांत. पूर्ण पिक्चर झोपलो. बाहेर लोकांचं ऐकलं आणि तुला सांगितलं. म्हातारा माझ्या मनचा. तुझा हात दिसला म्हणून..."

इंजन चालू झालं, टाळ्या पडल्या, सगळा उजेड लक्ष्मीकांतच्या तोंडावर आला. ओठ घट्ट मिटलेले होते. तो पडद्याकडेच बघत राहिला. चांगदेवला वाटलं, संपलं, हा आता माझ्याशी जन्मात बोलणार नाही, आणि बरोबरच आहे.

तेवढ्यात उजवा हात मांडीवरून उठला. बोटं, मनगट, कोपर. थरथरत तो खांद्याएवढा वर गेला, आणि तिथून उलटा फाडकन चांगदेवच्या गालावर बसला. जोर काही नव्हता. हात तिथून घसरून चांगदेवच्या मांडीत पडला.

पलीकडून यामिनीने ते बघितलं आणि तोंडावर हात ठेवला.

चांगदेवने तो हात दोन्ही हातांत धरला. डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "अजून मार," तो म्हणाला. "मार यार, अजून मार."

लक्ष्मीकांतला धाप लागली होती. त्याने मान वळवून बघितलंसुद्धा नाही.

"थांब," तो म्हणाला. "दम घेऊ दे. मग मारतो."