बिनचूक अर्ज

माणिकरावांनी टेबलावर कुलूप ठेवलं आणि शेजारी अर्ज ठेवला. कुलूप कोरं होतं, किमतीची चिठ्ठीसुद्धा निघाली नव्हती. अर्जाच्या एका कोपऱ्याला शेळीनं दात लावले होते.

"बाई, तेवढ्या चुका काढून द्या," ते म्हणाले. "मंग आमी शाळेला कुलूप ठोकतो."

विजयमाला बाईंना वाटलं, आपणच नीट ऐकलं नाही.

"कसला अर्ज?"

"तुमच्या बदलीचा."

माणिकराव शाळा समितीचे अध्यक्ष. त्यांच्यामागं व्हरांड्यात सात म्हातारे आणि एक म्हातारी, येडबाची बायको केवळाबाई, अशी वाडी उभी होती. बाकीची वाडी कोल्हापूरकडं ऊस तोडायला गेलेली. पोरं मागं राहिली होती आणि दोन वेळा शाळेतच जेवत होती. ही सोय बाईंनी पेडगावपासून परभणीपर्यंत चपला झिजवून आणलेली. रोज दुपारी पोरांना फळ्यापुढं उभं करून बाई फोटो काढत आणि पालकांच्या ग्रुपवर टाकत. आईबापांना आपलं लेकरू दिसावं म्हणून. तीन महिने झाले, त्या फोटोंना कुणी साधा अंगठाही दाखवला नव्हता.

सोमवारच्या फोटोला एकशे बारा उत्तरं आली. पोरांच्या डोक्यावर, फळ्यावर, बाईंच्या हातून 'विद्यार्थी'मधली शेवटची वेलांटी दुसरीऐवजी पहिली पडली होती.

"फडावर हाहाकार माजलाय," माणिकराव सांगू लागले. "येडबाच्या शिवशंकरनं कोयता खाली ठेवला म्हनं. अर्धा दिवस तोडच झाली न्हाई. बाईच चुकायलीत म्हनल्यावर लेकरांनी कुनाकडं बघावं? मुकादम बी हादरलाय."

"शिवशंकर तर दहावीला..."

"ते गनितात गेलं. मराठीत पास हाय."

"चुकलंच माझं," बाई म्हणाल्या. सोमवारपासून हे वाक्य त्या भेटेल त्याला ऐकवत होत्या. "पण माझी तक्रार तुम्ही मलाच तपासायला का देताय?"

माणिकराव अवघडले. "मंग दुसरं कोन हाय वाडीत? शुद्धलेखनाच्या तक्रारीतच चूक निघाली तर लय बेइज्जती होईल. बारा वाजता शिक्षन खात्याचे साहेब यायलेत अर्ज घ्यायला."

"लिहिला कुणी?"

व्हरांड्यात येडबानं मान खाली घातली.

"तेच तर हाय ना," माणिकरावांचा आवाज उतरला. "सकाळी पारावर म्हनलं, लिहिता कुनाला येतं? तर ह्या म्हनल्या, मी लिहिते." त्यांनी केवळाबाईकडं बोट केलं. "येडबाच्या तोंडातली तंबाखू खाली पडली, बाई. चाळीस वर्सं झाली लग्नाला. त्याला पत्ताच न्हाई!"

बाईंना पत्ता होता. दोन हिवाळे केवळाबाई पोरांच्या भाजीचे कांदे चिरायला येत होती, आणि कांदे संपले की नातवाशेजारी, बबलूशेजारी, पाटी घेऊन बसत होती. घरी सांगू नका, एवढंच तिचं मागणं होतं.

बाईंनी सवयीनं लाल पेनाचं टोपण काढलं आणि अर्ज वाचायला घेतला.

'साएब बाईला नेउ नका. बाई गेली तर सयपाक बंद हुईल आन पोर फडावर जातेल. माझा बबलु ऊस तोडील. वेलांटि आमी बघून घेतो.'

खाली सात अंगठे होते. वर ठसठशीत सही माणिकरावांची; लिहिण्यावाचण्यातलं तेवढंच त्यांना येत होतं.

पेन हवेतच राहिलं. बाईंनी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. चार वाक्यं, दहा चुका. एवढं डोळ्यांनी न सांगता मोजून टाकलं. त्यांनी वर पाहिलं. केवळाबाई कुलपाकडं बघत उभी होती, जसं बाजारात भाव न विचारता वस्तू बघावी तसं.

"सगळ्यांना वाचून दाखवू का?" बाईंनी विचारलं.

"छे, छे!" माणिकराव दचकले. "तुमचीच तक्रार तुमच्याच तोंडून ऐकायची? तेवढी माणुसकी हाय आमच्यात. आन आमीच सांगितलाय की मजकूर. चुका किती हायत, तेवढं बोला."

बाईंनी पेनाला टोपण लावलं.

"एकही नाही."

व्हरांड्यातले म्हातारे दाराशी गोळा झाले.

"एकबी न्हाई?" येडबा पहिल्यांदाच बोलला. "हिची?"

आणि तो बायकोकडं बघतच राहिला, जणू ती सकाळी शेळ्या घेऊन रानात गेली होती आणि हत्ती घेऊन परत आली होती.

माणिकरावांची छाती फुगली. त्यांनी मोबाइल काढला. "वैनी, धरा वर कागद. फडावर दावतो, बिनचूक काय असतंय ते."

"माणिकराव, थांबा जरा..."

फोटो गेला होता.

बाई खुर्चीत टेकल्या. वाडीतली वाचता येणारी झाडून सगळी माणसं त्या ग्रुपवर होती. फोन वाजला. एकदाच.

"काय म्हनायलेत?" माणिकरावांनी फोन त्यांच्यापुढं धरला. "सापडली का काय चूक?"

निरोप शिवशंकरचा होता. बाईंनी मोठ्यानं वाचला.

"'माझ्या आईनं लिहिलंय?'"

सगळे पुढच्या उत्तराची वाट बघू लागले. सोमवारी एकशे बारा आली होती. पाच मिनिटं गेली, दहा गेली. माणिकरावांनी फोन एकदा हलवूनही पाहिला. फोन गप्पच.

मग केवळाबाई पुढं आली. तिनं अर्ज माणिकरावांच्या हातात दिला आणि टेबलावरचं कुलूप उचलून पदराखाली घेतलं.

"आवो, ते शाळेला..."

"अर्ज बिनचूक असल्यावर कुलूप कशाला लागतंय?" ती म्हणाली. "शेळ्यांच्या दाराला लावते. एकीनं कागद चाखलाय, आता सोडायची न्हाई ती."

माणिकरावांना ते पटलं. रस्त्यावर साहेबांच्या मोटारसायकलचा आवाज आला, तेव्हा अर्ज छातीशी धरून ते फाटकात सगळ्यांच्या पुढं उभे होते.