दहावी चौकट

पोह्यांवर पाण्याचा हबका मारून नाओमीने चाळणी निथळत ठेवली, तेवढ्यात आतल्या कपाटातून ‘टिंग’ असा आवाज आला. मिरूने हातातला खडू खाली ठेवला.

“आजोबाचा फोन,” ती म्हणाली. “भूक लागली त्याले.”

नाओमीने ओढणीला हात पुसले, कपाटातून फोन काढला आणि चार्जिंगला लावला. बाबांना जाऊन आज महिना झाला. तो फोन आता कुणी वापरत नव्हतं, तरी बॅटरी उतरली की ती मुकाट्याने भरून ठेवायची. का, ते तिने स्वतःलाही विचारलं नव्हतं.

बाबा, म्हणजे बेंजामिन रोहेकर, गेल्या वर्षी नातीच्या वाढदिवसाला कोकणातून तुमसरला आले आणि लॉकडाऊनमध्ये अडकले. आठवड्यासाठी आणलेल्या दोन शर्टांवर त्यांनी वर्ष काढलं. तुमसरात बेने इस्राएलांचं घर हे एवढं एकच. जावई योनाथन मँगनीजच्या खाणीत नोकरीला, म्हणून. गावाकडे मशिदीला, म्हणजे त्यांच्या सिनेगॉगला, कुलूप लागलं तेव्हा म्हाताऱ्या सॉलोमनकाकांनी प्रार्थना फोनवर घ्यायचं ठरवलं. “कुलूप दाराला लागलंय, तोंडाला नाही,” असं म्हणाले. ज्यांना नातवंडं फोनला हात लावू देत नव्हती, त्या म्हाताऱ्यांनी एकमेकांना माईक चालू-बंद करायला शिकवलं. प्रार्थना संपली की कुणाकडे औषध पोचवायचं, कुणाकडे भाकरी, तेही तिथेच ठरायचं. बाबांना कॅमेरा मात्र अखेरपर्यंत जमला नाही. त्यांची चौकट कायम काळी, वर नुसतं नाव. पण ‘आमेन’ सगळ्यांत मोठा त्यांचाच.

मग दुसरी लाट आली. भंडाऱ्याच्या दवाखान्यातून त्यांना परस्पर नेलं. प्लास्टिकच्या कपड्यांतल्या चौघा अनोळखी माणसांनी मातीआड केलं. कद्दीश, मेलेल्यासाठी म्हणायची प्रार्थना, म्हणायला तिथे आपलं कुणीच नव्हतं. आज महिन्याची जारत होती, गेलेल्याच्या आठवणीचा विधी. मलिदा करायचा, आणि राहून गेलेला कद्दीश सॉलोमनकाका फोनवर म्हणणार. त्याला दहा पुरुष हजर लागतात. एक कमी असला तरी कद्दीश होत नाही.

दाराची कडी वाजली. शेजारच्या निर्मलाबाई उंबऱ्याबाहेरच थांबल्या, तोंडाला पदर.

“मिरूची आई, केळं अन् पेरू ठेवले वो इथं. आजोबा म्हणत होते, तुमच्या मलिद्याले फळं लागतात.”

“या ना आत, मावशी.”

“नाही बाई. घरात खोकला हाय. किती लोक येऊन राहिले मंग फोनवर?”

“दहा हवेत.”

“दहाच?” निर्मलाबाई हसल्या, मग हसू तिथेच विरलं. “आमच्या मामंजीच्या तेरवीले चार होते. त्यातला एक तं बामनच.”

त्या गेल्या. नाओमीने पोह्यांत गूळ आणि खोबरं कालवलं, वर फळांच्या फोडी मांडल्या आणि ताटाशेजारी आपला फोन डब्याला टेकवून उभा केला.

एकेक चौकट उजळत गेली. योनाथन खाणीतून, टोपीच्या जागी हेल्मेट. रिबकाआत्या चष्मा शोधत. सॉलोमनकाका नेहमीसारखे अर्धे. कपाळ वर, बाकी भिंत.

“मोझेस कुठाय?” त्यांनी विचारलं.

“सकाळीच अॅडमिट केलं,” कुणीतरी म्हणालं. “ऑक्सिजन लावलाय.”

टीव्हीवर रोज संध्याकाळी माणसांचे आकडे सांगत होते. यांच्यात माणूस आकड्याने मोजत नाहीत. शास्त्रातली दहा शब्दांची एक ओळ आहे, तिचा एकेक शब्द एकेका पुरुषावर ठेवत जायचं. सॉलोमनकाकांनी बोट पडद्याजवळ आणलं आणि सुरुवात केली. नवव्या शब्दावर थांबले. त्या शब्दाचा अर्थ ‘पर्यंत’. ओळ तिथेच लोंबकळली.

“आम्ही बायका काय इथं पोहे निवडायला बसलोय?” रिबकाआत्या म्हणाली.

“रिबका, मी नियम केले नाहीत.”

“फोनवर चालतं, हा तरी कुणी केला?”

सॉलोमनकाकांनी कपाळ चोळलं. “नाओमी, बाळा, पुढच्या आठवड्यात बघू. मोझेस घरी आला की.”

पुढच्या आठवड्यात या चौकटींतल्या किती उजळतील, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. नाओमीने मान डोलावली. मग ती उठली, भिंतीपाशी गेली आणि बाबांच्या फोनची पिन काढली. बाबांना प्रार्थनेत जाता यावं म्हणून तिनेच एकदा मोठ्या अक्षरांत करून ठेवलेलं बटण तिने दाबलं. शेजारी दुसरा फोन असल्याने कर्कश शिट्टी घुमली. तिने घाईने बाबांच्या फोनचा माईक बंद केला.

पडद्यावर काळी चौकट आली. वर नाव, बेंजामिन रोहेकर.

आत्याने पदर तोंडाशी नेला. योनाथनने हेल्मेट खाली ओढलं.

“काका, पण हे तर...” एक तरुण आवाज आला.

“माईक बंद कर,” सॉलोमनकाका म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ओळ पहिल्यापासून घेतली. एकेका चेहऱ्यावर एकेक शब्द ठेवत काळ्या चौकटीपाशी आले. बोट तिथे बराच वेळ राहिलं.

“बेनू कॅमेरा कधी लावायचाच नाही,” ते म्हणाले, आणि त्यांनी शेवटचा शब्द उच्चारला.

कद्दीश सुरू झाला. आवाज मागेपुढे होत होते, तुटत होते. पहिला ‘आमेन’ आला तो विखरून आला, आणि जिथे सगळ्यांत मोठा आवाज असायचा तिथे नुसतीच खरखर ऐकू आली. नाओमीने ओठ घट्ट मिटले. तिचा एक हात ताटाच्या कडेवर होता, दुसऱ्यात बाबांचा फोन, अजून गरम.

मिरू सरकत तिच्या मांडीपाशी आली. तिने वाकून फोनकडे पाहिलं. नावाशेजारच्या, लाल रेघ मारलेल्या छोट्या माईकवर बोट ठेवलं.

“आई,” ती हळूच म्हणाली, “आजोबाचा आवाज काहून बंद करून ठेवला तू?”